अध्यक्षांच्या परवानगीने

ओठ हलवण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

शाळेत समूहगीताच्या तालमीला बाईंनी त्यांना दुसऱ्या रांगेतून बाजूला घेतलं होतं आणि अगदी मायेनं सांगितलं होतं, "तू रांगेत उभी राहा हं. उंचीला शोभतेस. फक्त आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव." ताई मुळातच आज्ञाधारक. शाळा संपली, कॉलेज संपलं, लग्न झालं, कानामागचे केस पांढरे झाले, पण ती आज्ञा कोणी मागे घेतली नाही, त्यामुळे ती चालूच राहिली. कुणाचा वाढदिवस असो की निरोप समारंभ, चार माणसं गायला लागली की ताईंचे ओठ शब्दाबरहुकूम हलायचे आणि आवाज घशापर्यंत येऊन थांबायचा, शहाण्या कुत्र्यानं फाटकापाशी थांबावं तसा.

हे असंच निभावून गेलंही असतं. पण रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये ताई काम करत, तिथल्या डॉक्टरांचा वाढदिवस आला, सगळ्यांनी गाणं म्हटलं आणि शेजारी उभी असलेली नवीन मुलगी म्हणाली, "ताई, काय गोड गळा आहे हो तुमचा!"

ताईंना केक गिळवेना. नमुन्यात जे नाही ते अहवालात लिहायचं नाही, या एका नियमावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. आणि आता त्यांच्याच गळ्याचा असा बनावट अहवाल!

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मला एकदा तरी चार माणसांत मोठ्यानं गायचंय."

नवरा विम्याच्या कंपनीत होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे तो आधी 'यात काय बिघडू शकतं' याच नजरेनं बघे. "त्या चार माणसांचं काय होईल?" त्यानं विचारलं.

"मी माझं बोलतेय."

"मी त्यांचं बोलतोय."

सासूबाईंना ऐकू फारच कमी यायचं. त्यांनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

"गायचं म्हणतेय!" नवरा ओरडला.

"मग गाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे त्रास आहे!"

घरातून एवढा पाठिंबा मिळाल्यावर ताई कामाला लागल्या. त्यांच्या मनातलं चित्र अगदी साधं होतं. इमारतीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जमायचं. मंच नाही, माईक नाही, श्रोते नाहीत. जो येईल तो गाईल, आणि कोणी कोणाला गप्प बसवणार नाही. या शेवटच्या अटीवर त्यांचा फार भर होता. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

बातमी जिन्यानं वर चढत गेली आणि सल्ले खाली येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आधी चांगलंसं नाव ठेवा, बिननावाच्या गोष्टीला कोणी येत नाही. त्यांच्या यजमानांचं मत पडलं की नावाचं राहू द्या, आधी सगळ्यांना एका रंगाचे कपडे शिवा. तळमजल्यावरच्या शिंप्याला ही सूचना विशेष आवडली. दुसऱ्या मजल्यावर गाण्याचा क्लास घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आधी प्रत्येकाची चाचणी घ्या. म्हणजे जे येतील ते निवडक येतील."

"पण मग..." ताई म्हणाल्या आणि थांबल्या. मग मला कोण घेणार, हे वाक्य त्यांनी वरणाबरोबर गिळायला घरी नेलं.

हॉलच्या किल्ल्या सेक्रेटरींकडे असत. सेक्रेटरींनी उभा जन्म एका कार्यालयात सभांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवला होता, आणि निवृत्तीनंतर सभांवाचून त्यांचा जीव कासावीस होत असे.

"हॉल कशासाठी हवाय?"

"गाण्यासाठी."

"म्हणजे कार्यक्रम."

"नाही. कार्यक्रमात काही जण गातात आणि बाकीचे ऐकतात. यात सगळेच गाणार."

"मग ऐकणार कोण?"

"कोणीच नाही."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवून ताईंकडे पाहिलं. ताई होत्या तशाच होत्या. "ताई, हॉल तीन कारणांसाठी मिळतो. वाढदिवस, शोकसभा आणि सभा. वाढदिवसाला कोणीतरी जन्मलेलं लागतं. शोकसभेला कोणीतरी गेलेलं लागतं."

"आमच्यातलं अजून कोणी गेलेलं नाही."

"मग सभाच घाला." ते शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "पण सभा म्हटली की अध्यक्ष आले. विषयपत्रिका आली. प्रत्येक गाणं हा एक विषय, त्याला सूचक हवा, अनुमोदक हवा. आणि शेवटी आभारप्रदर्शन. आभार मानल्याशिवाय सभा संपत नाही, ताई. आभार मानणारा पळून गेला म्हणून मी एकदा अंधार पडेपर्यंत बसून राहिलोय."

ताईंनी सगळं कबूल केलं. हॉल मिळत असता तर त्यांनी शोकसभेलाही माणूस शोधला असता, बहुधा शिंपी.

फलकासाठी त्यांनी मजकूर लिहून दिला: 'रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून गाणं. येत नसेल तरी चालेल.' यातलं दुसरं वाक्य त्यांना फार मोलाचं वाटत होतं. शाळेत असताना कोणीतरी ते आपल्याला म्हणायला हवं होतं, असं ते वाक्य होतं.

रविवार उजाडला. नवऱ्यानं खुर्च्या गोलात मांडल्या आणि प्रत्येक खुर्चीचे पाय हलवून बघितले. सासूबाई नवीन साडी नेसून बसल्या. सेक्रेटरी घंटा घेऊन आले. आणि मग दुसरं कोणीही आलं नाही.

ताई दारापाशी उभ्या राहिल्या. जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन उतरत होत्या. त्या ताईंना बघून थांबल्या आणि भरल्या गळ्यानं म्हणाल्या, "बरं झालं हो, तुम्ही स्वच्छ लिहिलंत ते. हल्ली इतकं समजून कोण घेतं!" आणि बाजाराकडे निघून गेल्या.

ताई फलकापाशी गेल्या. सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'येत नसाल तरी चालेल.'

"मी लिहिलं होतं, येत नसेल!"

"हो, पण ते जरा एकेरी वाटत होतं," सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले. "एवढी मोठमोठी माणसं राहतात इथं. मी आदरार्थी केलं."

एक मात्रा गेली, एक काना आला, आणि अख्ख्या इमारतीला अत्यंत आदरपूर्वक घरी बसवण्यात आलं. ताईंना रडावं की हसावं कळेना. नवरा म्हणाला, "चला, म्हणजे अपघाताची शक्यता शून्यावर आली," आणि खुर्च्या उचलायला लागला.

"थांबा!" सेक्रेटरींनी घंटा वाजवली. "गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर त्याच जागी, जेवढे हजर असतील तेवढ्यांत भरेल. तेव्हा गणपूर्ती लागत नाही."

जेवढे होते तेवढे अर्धा तास एकमेकांकडे बघत बसले. मग अध्यक्ष निवडायची वेळ आली. सेक्रेटरींनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," नवरा म्हणाला.

"उत्तम. कोणाच्या गाण्याबद्दल पक्षपात व्हायला नको."

सासूबाईंनी अध्यक्षपद असं स्वीकारलं, जणू त्या इतकी वर्षं त्याचीच वाट बघत भाजी निवडत होत्या. विषय क्रमांक एक, होडीचं गाणं. सूचक ताई, अनुमोदक त्यांचे यजमान. सेक्रेटरी नाकातून गायले. नवरा कोणी ऐकत तर नाही ना, अशा बेतानं गायला. ताईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ओठ हलवले.

सवय, दुसरं काय!

पुढच्या रविवारी फलकावर 'गाणं येत नसेल तरी चालेल' असं आलं आणि माणसं हळूहळू येऊ लागली. शिंपी आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई 'मला पहिली ओळच येते' अशी ताकीद देऊन आल्या. सेक्रेटरींनी त्यांची नोंद 'पहिल्या ओळीपुरत्या सदस्य' अशी केली. वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी आली. ती बोलताना अडखळायची, म्हणून एरवी कोणात मिसळत नसे. गाण्याचं नाव सांगताना ती पहिल्याच अक्षरावर अडली. दोघंतिघं तिला मदत म्हणून भराभर गाण्यांची नावं सुचवू लागले, तेव्हा घंटा वाजली. "सदस्या बोलत आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांचं होईपर्यंत दुसऱ्या कोणाला बोलता येणार नाही." सगळे थांबले. मुलीनं सावकाश नाव सांगितलं, आणि गाणं सुरू झाल्यावर एकदाही अडखळली नाही.

क्लासवाल्या मॅडमही आल्या, निवडलेलं कोणी नसताना आल्या. आणि हॉर्नकाका आले.

हॉर्नकाकांनी आयुष्यभर बस चालवली होती. त्यांनी नुसतं 'काय, कसं काय' विचारलं तरी पुढे चालणारी माणसं आपोआप रस्त्याच्या कडेला होत. गाण्यात त्यांचा आवाज कुठल्याही एका सुरावर टिकत नसे. सगळे थांबे घेत, हात न दाखवलेल्या ठिकाणीही थांबत, तो आपला शेवटपर्यंत जाई. खिडकीची काच थरथरे. नवरा उठून काचेला हात लावून बसे.

दोन कडव्यांपर्यंत मॅडमनी सोसलं. मग हसतमुखानं म्हणाल्या, "काका, तुम्ही की नाही, नुसत्या टाळ्या वाजवा. ताल धरा. आवाज नको."

काकांनी मान हलवली. तक्रार नाही, काही नाही. एवढा मोठा माणूस मांडीवर हात ठेवून हळूहळू टाळ्या वाजवू लागला.

ताईंना शाळेतल्या बाई आठवल्या. आवाज नको! तेच शब्द, तीच माया. बोलायला हवं होतं. पण काच थरथरायची थांबली होती, गाणं एकदम छान वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ताईंच्याही कानांना क्षणभर बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की तोंडातून शब्द फुटेना.

फुटला तो अध्यक्षांना. "ते काका का थांबले?" सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं. "तोंड बंद झालं त्यांचं. बरं नाही का?"

"हरकतीचा मुद्दा!" सेक्रेटरी ताडकन उभे राहिले. "अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सदस्याला थांबवण्यात आलंय. मॅडम, तुमचं म्हणणं उपसूचना म्हणून मांडावं लागेल. काकांनी गाऊ नये, अशी उपसूचना आहे. अनुमोदक कोण?"

आत्तापर्यंत प्रत्येक जण मनातून अनुमोदकच होता. पण मनातून अनुमोदन देणं वेगळं आणि काकांच्या समोर हात वर करणं वेगळं. शिंप्यानं आपल्या नखांकडे पाहिलं. नवऱ्यानं काच तपासली.

"अनुमोदकाअभावी उपसूचना बारगळली. काका, चालू करा."

काकांनी चालू केलं. मॅडम मात्र पर्स उचलून निघून गेल्या.

सगळ्यांना वाटलं, बरं झालं. ताईंना मात्र घास गोड लागेना. कोणी कोणाला गप्प बसवायचं नाही म्हणून सुरू केलेल्या सभेतून एक बाई गप्प होऊन गेली होती. संध्याकाळी त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

मॅडमनी दार उघडलं. डोळे लाल होते. "तुम्हाला वाटत असेल, मी दुष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण बेसूर ऐकलं की माझी दाढ दुखते हो. खरंच दुखते. नाटक नाही. सगळ्यांचा विचार करता, माझ्या दाढेचा कोण करणार?"

ताईंना हे एकदम पटलं. दुखणं खरं असेल तर ते कोणाचं आहे यावरून नाकारता येत नाही, हे लॅबमधल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोघींनी चहा घेतला आणि तोडगा निघाला. प्रत्येक गाण्याचा पहिला सूर मॅडमनी द्यायचा. आणि विषयपत्रिकेत दर रविवारी एक विषय असा ठेवायचा की मॅडम गातील आणि बाकीचे नुसते ऐकतील, दाढेला विश्रांती म्हणून. सेक्रेटरींनी त्याला 'विशेष विषय' म्हटलं. पहिल्या विशेष विषयाला हॉर्नकाका रुमालानं डोळे पुसत बसले होते. नंतर म्हणाले, "असं गाता आलं असतं तर मी बस चालवलीच नसती." मॅडम त्यानंतर कधी काकांना काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसत, आणि तेही काकांना विचारून.

असे रविवार जात राहिले. ताई खुर्च्यांचं बघत, चहाचं बघत, कोण रुसलं, कोण नवीन आलं ते बघत. शेवटी उठून आभार मानत, ठरलेल्या एका वाक्यात. आणि प्रत्येक गाण्यात ओठ हलवत. मोठ्यानं गायचं ते आता पुढच्या रविवारी, असं मनाशी म्हणत. त्यांचा आवाज येत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. काका असताना कोणाचाच येत नसे.

मग एके सकाळी सेक्रेटरी पडलेल्या चेहऱ्यानं आले. "गडबड झालीय," ते म्हणाले. "इमारतीच्या कमिटीत प्रश्न निघाला. इतक्या सभा झाल्या, एक तरी ठराव झाला का? ठराव न करता जमतात ती सभा नव्हे, तो घोळका. घोळक्याला हॉल देता येत नाही."

"मग आता?"

"आता ठराव करायचा. 'ही सभा दर रविवारी भरावी.' सूचक ताई, अनुमोदक काका. आवाजी मतदान घेऊ. उपस्थित सगळ्यांचा होकार आला तर कमिटी मान्य करेल. एकाही मताची कमतरता मला चालणार नाही, ताई. मी खोटं इतिवृत्त लिहीत नाही."

"आवाजी मतदान?" नवरा म्हणाला. "आणि निकाल कोण देणार?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. सासूबाई प्रसन्नपणे हसल्या. त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. नवऱ्यानं कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं. "एवढंच ना," त्या म्हणाल्या. "म्हणा, मी बघते."

"अनुकूल असतील त्यांनी 'हो' म्हणावं!"

हॉल 'हो'नं भरून गेला. खिडकीची काच, जिला मत नव्हतं, तीही थरथरली. सेक्रेटरींनी लेखणी टेकवली. "सर्वानुमते..."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "एक मत आलेलं नाही."

"कोणाचं?"

"हिचं." त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं.

"आई, मी म्हटलं ना!"

"ओठ हललेत तुझे. गळा हलला नाही. मी काय गाणं ऐकते होय इथं? मी माणसं बघते. काकांची शीर फुगते. मॅडमचे डोळे मिटतात. त्या पोरीचे खांदे सैल होतात. गाणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागतं. तू इतक्या रविवारांत एकदाही थांबलेली नाहीस. मला वाटलं, असेल तिची काही पद्धत. पण मताला खोटं कसं चालेल?"

सगळ्या माना ताईंकडे वळल्या. ताईंना वाटलं, जमीन दुभंगावी, निदान फरशी तरी. ज्यांनी सगळ्यांना आत घेतलं त्या स्वतःच दाराबाहेर उभ्या होत्या, आणि ते ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी ऐकलं होतं.

"मला येत नाही," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "मी फार वाईट गाते. शाळेत सांगितलंय मला, आवाज काढू नको म्हणून."

मग हॉर्नकाका खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी येऊन बसले. "ताई, तुम्ही बिनधास्त काढा," ते म्हणाले. "मी मागून येतोय. माझ्यात तुमचा कोणाला सापडायचा नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही जरा थांबा. थोडाच वेळ. अध्यक्षांच्या परवानगीने. ताईंचा सूर आपल्याला सापडायला हवा."

ताईंनी डोळे मिटले. "हो" म्हणायचं होतं, पण नुसतं 'हो' बाहेर येईना. म्हणून त्यांनी होडीचं गाणं धरलं. आवाज आला. फाटका आला, खाली आला, गंजलेलं फाटक उघडावं तसा आला. पहिल्या ओळीतच तो एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे गेला. मॅडमचा हात आपोआप गालावर गेला. तो हात तिथंच दाबून धरत त्या म्हणाल्या, "ही ताईंची पट्टी. या सगळे खाली. हिच्यावर या."

आणि सगळे खाली आले. शिंपी, पहिल्या ओळीपुरत्या बाई, कॉलेजातली मुलगी, नाकातून सेक्रेटरी, आणि गाण्यासाठी प्रथमच खिडकी सोडून उठलेला नवरा. परवानगी मिळताच काकाही आले. ताईंचा सूर त्यांच्या स्वतःच्या पट्टीतसुद्धा सुटत होता, पण दर वेळी सुटला की खाली कोणीतरी असायचं.

"आलं मत," सासूबाई म्हणाल्या. "सर्वानुमते."

त्या दिवशी विषयपत्रिकेतला एकही विषय ताईंनी सोडला नाही. अडलेलं सगळं एकदम वसूल करायचं असल्यासारख्या गायल्या. काचेला हात लावून बसायला आता कोणी नव्हतं, तरी ती टिकली.

शेवटी सेक्रेटरींनी घंटा वाजवली. "आभारप्रदर्शन. ताई."

ताई उठल्या. ठरलेलं एक वाक्य आज पुरणार नव्हतं. सांगायचं फार होतं. नसते नियम इतक्या निष्ठेनं पाळणाऱ्या सेक्रेटरींना, दाढ दाबून धरणाऱ्या मॅडमना, मागून येणाऱ्या काकांना, खुर्च्यांचे पाय तपासणाऱ्या नवऱ्याला, आणि गळ्याकडे बघणाऱ्या सासूबाईंना. त्यांनी तोंड उघडलं. आवाज नव्हता. घसा पार बसला होता. इतक्या वर्षांत न वापरलेली वस्तू एका सकाळी एवढी वापरली की दुसरं काय होणार!

सभा वाट बघत राहिली. सेक्रेटरींना अंधार पडेपर्यंत बसून राहिल्याची आठवण झाली आणि ते कासावीस झाले. ताई नुसते ओठ हलवत होत्या, हातवारे करत होत्या, हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय म्हणतेय ती?" नवऱ्यानं सवयीनं सासूबाईंच्या कानाशी ओरडून विचारलं, आणि मग आपण कोणाला विचारलं ते त्याच्या लक्षात आलं.

पण सासूबाई सुनेच्या ओठांकडेच बघत होत्या.

"अध्यक्षांच्या परवानगीने म्हणतेय," त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे आभार. प्रत्येकाचे वेगवेगळे मानतेय, ते मी घरी गेल्यावर नीट ऐकून घेईन. आणि म्हणतेय, पुढच्या रविवारी..." त्या थांबल्या, ताईंनी ओठ पुन्हा हलवले, सासूबाईंनी मान डोलावली. "येत नसेल तरी या."

सेक्रेटरींनी ते तसंच लिहून घेतलं. एकही काना बदलला नाही.